मांगर

गौरी-गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परतले की आमच्या वाडीवर एक सुस्ती उतरते. ओटीच्या कोपऱ्यात मखराचे कागद, पडवीत नारळांची सोडणं, आणि घरभर उदबत्ती, न वाळलेले कपडे आणि हळदीची पानं यांचा मिळून एकच वास. अशाच एका दुपारी मी ओटीवरच्या टेबलाशी बसून आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिणेतल्या एका खेड्याच्या नकाशाचा, उपग्रहचित्रावरून काढलेला एक चौकोन तपासत होते. बाहेर पावसाने धरलेलं, पागोळ्यांचा आवाज हेडफोन घालूनही ऐकू येत होता. पडद्यावर मात्र कोरडं ठाक. तांबूस माती, कापून झालेली मक्याची शेतं, पायवाटांच्या फिकट रेघा आणि अंगणाअंगणांतून विखुरलेली छपरं. त्यातलं एक लहानसं गोल छप्पर कुणा नवख्या स्वयंसेवकाने घर म्हणून काढलं होतं. ते घर नव्हे हे मला पाहताक्षणी कळलं. तिकडे घराशेजारी मक्याची कणगी उभी करतात, न्खोक्वे म्हणतात तिला. जमिनीपासून उचललेली, गवताने शाकारलेली, वरून पाहिली तर झोपडीची धाकटी बहीणच. मी ती खूण पुसली, चौकोन परत पाठवला आणि अशा वेळी चिकटवायचा ठरलेला मजकूर चिकटवला. मदतीबद्दल आभार, काम नेटकं आहे, फक्त घराशेजारची लहान गोल छपरं बहुधा धान्याची असतात, पुढच्या वेळी तेवढं पाहा. तासाभराने उत्तर आलं. इंग्रजीतले चार शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. मराठीत आणायचं तर, तुम्हाला कसं कळलं?

हे वाक्य आपल्याकडे किती तऱ्हांनी बोलता येतं. लपवलेला खाऊ कुणी शोधून काढला की मूल विचारतं ते वेगळं, भाचीचं लग्न मोडल्याची बातमी शेजारणीच्या तोंडून ऐकल्यावर आई विचारते ते वेगळं, आणि कोर्टात समोरचा वकील विचारतो ते तर फारच वेगळं. पडद्यावरच्या चार शब्दांना सूर नव्हता. शिकायचं म्हणून विचारलं असेल. चिडून विचारलं असेल. किंवा त्या अंगणात वाढलेलं कुणी असेल. मी खातं उघडून पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वीचं, टोपणनावाचं, गाव-देश काही नाही. मग रीतसर उत्तर लिहिलं, सावलीबद्दल. कणगी खालून मोकळी असते म्हणून तिची सावली छपराला चिकटून पडत नाही, जराशी सुटून पडते, घराची सावली भिंतीला धरून असते. हे मी पुष्कळांना शिकवलं आहे. उत्तर पाठवलं आणि मग चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं, तर सावली सुटलेली आहे की नाही ते मलाच सांगता येईना.

तिकडून पुढे काही आलं नाही.

माझी नोकरी गावात समजावून सांगायची सोय नाही. आई आल्यागेल्याला सांगते, 'ही आफ्रिकेतली घरं रंगवते.' ते अगदी चूक म्हणता येत नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाही मदतीला गेलेल्यांच्या हाती नव्हता, आणि जगभरच्या शेकडो लोकांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहचित्रांवर रेघा मारमारून तो ओपनस्ट्रीटमॅप ह्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर काढला. त्यातून त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था झाली. अशी कामं करणाऱ्या आणखीही संस्था आहेत, त्यांतल्याच एका लहानशा संस्थेत मी. एखादा मुलूख घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे, ज्याला वेळ असेल त्याने एक चौकोन आपल्या नावावर अडकवून त्यातली छपरं आणि वाटा काढायच्या, आणि माझ्यासारखीने ते तपासायचं. छपरं मोजली की माणसांचा अदमास येतो, आणि अदमास आला की लस किती न्यायची, हिवतापाच्या फवारणीला औषध किती लागेल, गाडी कुठवर जाईल नि पुढे किती चालावं लागेल, ते ठरवता येतं. मनिलाचा सहकारी माझ्या अडीच तास पुढे, नैरोबीची मैत्रीण अडीच तास मागे, मधे मी. त्यामुळे दोघांना सोयीची वेळ बरोबर आमची पानं वाढायच्या वेळेवर येते. आई दारातून आमटीचा डाव दाखवते, मी मान हलवते, आणि नैरोबीला तो डाव दिसतो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, त्यानंतर बैठकीच्या पडद्यावरचे चौकोन बरेच कमी झाले. उरलो ते अजून जेवणाच्याच वेळेला भेटतो.

शेजारचे भाऊकाका मात्र नकाशा हा शब्द ऐकला की सावध होतात. आमच्याकडे नकाशा म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे दोन पिढ्यांची बेगमी. त्यांच्या नि त्यांच्या चुलतभावाच्या आगरांमधे चार पोफळींचा वाद आहे. त्यांतल्या दोन पोफळी वादळात पडल्या, दावा उभा आहे. त्यांना मी एकदा ओपनस्ट्रीटमॅप दाखवला. 'हा काढतो कोण?' म्हटलं, कुणीही. 'आणि चुकला तर सुधारतो कोण?' कुणीही. त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. 'मग गो बाय, ह्याला नकाशा कशाला म्हणतेस? ही तर भाऊबंदकी!'

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, फारशी कुणालाच सांगत नाही. ह्या कामात सुख आहे. छपराचे चार कोपरे टिचकवायचे आणि क्यूचं बटण दाबायचं, की तिरका-वाकडा चौकोन एकदम काटकोनात येऊन बसतो. गोल झोपडी असेल तर ओ दाबायचा, बटाट्यासारखा आकार असतो त्याचा बांगडीसारखा गोल होतो. नारळ पहिल्याच घावात मधोमध दुभंगावा तसं ते सुख. पूर येऊन गेलेल्या खेड्याचं चित्र समोर असतं, कडेकडेची घरं गाळाखाली गेलेली असतात, आणि मला काटकोनाचं सुख होत असतं. नैरोबीच्या मैत्रिणीला हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, 'मलाही.' मग आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही. तिच्याकडे मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

ह्या कामात मी शिरले तो दिवस मात्र नीट आठवतो. २५ एप्रिल २०१५, शनिवार. तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत होते आणि आंब्यासाठी म्हणून चार दिवस घरी आले होते. काढणी ऐन भरात, पडवीत पेट्यांची चळत, माजघरात अढी, आणि सगळीकडे पेंढ्याचा नि चिकाचा उग्र-गोड वास. आमच्या भागात कलमांची राखण करायला, फवारायला, काढणीला नेपाळी माणसं असतात. दसरा-तिहार आपल्या गावी करून येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. मधले सात-आठ महिने बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात. गाव त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतं, बहादूर. दोन बागांत दोन असले तर वरच्या बागेतला बहादूर आणि खालच्या बागेतला बहादूर. त्या दुपारी टीव्हीवर काठमांडू दिसायला लागलं आणि आमचा बहादूर आंबे काढायचा झेला खांद्यावर तसाच घेऊन पायरीशी येऊन उभा राहिला. फोन लागत नव्हता. सड्यावर रेंज येते म्हणून तिथे जाऊन आला होता, तिथूनही नाही. त्याचं गाव अछाम जिल्ह्यात, पार पश्चिमेला. भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यात, कितीतरी लांब. पण हे त्याला त्या वेळी कोण सांगणार, आणि सांगितलं तरी पटावं कसं? मी लॅपटॉप उघडला. तो म्हणाला, 'दीदी, मेरा घर दिखेगा?'

तो ओटीवर चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही, म्हणून मीच लॅपटॉप घेऊन पायरीवर जाऊन बसले. चित्रात डोंगरांच्या घड्या, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, तळाशी नदीची पांढरी रेघ. नकाशावर तर ती रेघ तेवढीच, बाकी सगळं कोरं. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. 'ऊपर से कैसे पहचानूँ, दीदी? हमने तो नीचे से ही देखा है.' मग नदीच्या एका वळणावर त्याने बोट टेकवलं, 'इधर होगा.' बोटाला आंब्याचा चीक होता. पडद्यावर डाग पडला आणि मी पुसायला गेले तसा आणखी पसरला. त्या रात्री मी खातं काढलं, शिकवणी वाचली आणि डागाखालच्या छपराभोवती माझा पहिला चौकोन काढला. वाकडाच आला, क्यू तेव्हा ठाऊक नव्हता. पुढे दोन-तीन आठवडे पुण्याला गेल्यावरही रात्री जागून काढतच राहिले. काठमांडू लिव्हिंग लॅब्जची तरुण मंडळी तिथून सांगत होती काय हवं, कुठे हवं, आणि जगभरातून हजारो माणसं चौकोन भरत होती. गोरखा, धादिंग, सिंधुपाल्चोक बघता बघता भरून गेले. अछाम कोरा तो कोराच राहिला. तिथे काही पडलंझडलं नव्हतं ना! तिसऱ्या दिवशी बहादूरचा फोन लागला होता, घरी सगळे खुशाल होते. तेव्हा त्या कोरेपणाचं हायसं वाटलं होतं. आता वाटतं, नकाशात यायला काय ही पात्रता लागते.

ते छप्पर अजून आहे तिथे. मी अधूनमधून जाऊन पाहून येते.

पुढे हौसेचं काम पोटाचं झालं, आणि २०२० च्या मार्चमध्ये पुण्याहून आले ती इथेच राहिले. टाळेबंदीतल्या संध्याकाळी मी आमचं गाव काढायला घेतलं. कोकणातलं गाव वरून काढणं म्हणजे अंधारात तांदूळ निवडणं. सगळं झाडाखाली. माडा-पोफळींच्या शेंड्यांचे तारे तेवढे दिसतात, मधे कुठे कौलांचा लाल तुकडा, कुठे सारवलेल्या खळ्याचा ठिपका. म्हणून पायांनी काढलं. फोनवर वाट नोंदवत पाखाड्या चढले, पऱ्यावरचे साकव मोजले, गडग्यांच्या कडेने कुत्री अंगावर घेतली, नावं विचारली. आमच्याकडे पत्ता सांगतात तो सहसा घराचा नसतोच. तो झाडाचा असतो, विहिरीचा असतो, नाहीतर पूर्वी तिथे जे होतं त्याचा असतो. 'गिरणीपाशी' म्हणतात ती गिरण बंद होऊन वीस वर्षं झाली. ती नकाशात घालावी की नाही ह्यावर अप्पा आणि मी एक अख्खी रात्र घालवली. त्यांचं म्हणणं, लोक म्हणतात ना, मग आहे. माझं म्हणणं, जागेवर जे दिसतं तेवढंच काढायचा रिवाज आहे. शेवटी 'गिरणीपाशी' हे त्या जागेचं नाव म्हणून लिहिलं, इमारत काढली नाही. दोघांचंही समाधान झालं नाही. मेच्या अखेरीला गाव पूर्ण झालं असं मी समजत होते.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. ते दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं हे आम्हाला नंतर कळलं, त्या वेळी आम्ही माजघरात दारांना पाठी लावून बसलो होतो. पोफळ मोडते तेव्हा बंदुकीचा बार होतो. माड मुळासकट जातो तेव्हा आवाज येत नाही, पायाखालची जमीन तेवढी हलते. संध्याकाळी बाहेर आलो तर आकाश फार मोठं झालं होतं. मागच्या दारातून समुद्र दिसत होता. माझ्या जन्मात त्या दारातून कधी समुद्र दिसला नव्हता. आईने तो पाहिला आणि दार लावून घेतलं.

मग बावीस दिवस लाईट नाही, फोन नाही. दुसऱ्यांच्या वादळांचे चौकोन भरणारी मी, माझ्या वादळाला नकाशापर्यंत पोचूच शकले नाही. कुणी आमचा तालुका काढायला घेतला असेल का, कुठे काय पडलं ते कुणी नोंदवत असेल का, हे पाहायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर ते मनातही नव्हतं. मनात ताडपत्री होती, मेणबत्त्या होत्या, विहिरीवर रहाट पुन्हा कोण बसवून देईल ही काळजी होती. आमच्या चौकोनात कुणीतरी दूरदेशी बसून काटकोनाचं सुख घेत असेल तर घेवो बापडं, पण कौलं कधी पाठवता तेवढं सांगा, असं तेव्हा म्हणाले असते. लाईट आली त्या रात्री मात्र मी पहिला नकाशाच उघडला. उपग्रहचित्र जुनंच होतं. त्यात आमचं सगळं आगर उभं. अप्पांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आजोबांनी लावलेल्या ओळी त्यांनी पडद्यावर बोटाने एकेक करून मोजल्या आणि झोपायला गेले.

दोन-अडीच वर्षांनी चित्र बदललं. ज्या छपरांसाठी मी पाखाड्या तुडवल्या ती आता लख्ख उघडी पडली होती. मनिलाचा सहकारी आता आमचं गाव एका दुपारी काढून देईल. यंत्रालाही जमेल. चित्रातून आपणहून छपरं ओळखणारी यंत्रं आली आहेत, मायक्रोसॉफ्टने आणि गूगलने असे कोट्यवधी चौकोन काढून सगळ्यांना खुले केले आहेत. आमच्या गावावर अशा एका यंत्राने पेंढ्याच्या दोन उडव्यांची घरं केली आहेत आणि वडाखालचं देऊळ त्याला दिसलेलंच नाही. भाऊकाकांना हे फार आवडलं. त्याच नव्या चित्रात आमच्या वरच्या बागेच्या टोकाला पत्र्याचा एक लहान चौकोन चमकतो. पूर्वी तो दोन रायवळ आंब्यांच्या खाली होता, ते आंबे वादळात गेले. तो आमचा मांगर. कितीदा तरी तो मी पाहिला होता आणि चित्र पुढे सरकवलं होतं. तिथे काय आहे ते माहीत होतं. खताच्या गोणी, फवारणीचा पंप, झेले, रिकाम्या पेट्या आणि बहादूर. यादी ह्याच क्रमाने डोक्यात आली, म्हणून तशीच लिहिते आहे.

तर मलावीतल्या चौकोनावरून आलेला तो प्रश्न. चार दिवस तो माझ्याबरोबर विहिरीवर आला, बैठकीत बसला, रात्री पंख्याकडे बघत पडला. कणगीत कुणी राहत नाही हे मला, सात समुद्रांपलीकडे बसून, कळलं होतं. आणि घरापासून दहा मिनिटांवरच्या मांगरात माणसं राहतात हे मला लहानपणापासून माहीत असून मी तो काढला नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपवर एक सोय आहे. छप्पर दिसतं पण आत काय आहे ते ठाऊक नाही, अशा वेळी घर, गोठा, शाळा असं काही न म्हणता 'इमारत: हो' एवढंच लिहून सोडून द्यायचं. दूर बसलेल्याने बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबावं, असं मीच शिकवते. बहादूर हे आमच्या गावाचं तसलंच 'हो' आहे. पंधरा सालच्या त्या माणसाचं खरं नाव मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही अप्पांनी बँकेत पैसे भरायला दिलेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठी हातात घेऊन मी विचारलं होतं, 'हा कोण?'

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाचंही ह्या निमित्ताने आठवलं. वर रस्ता नव्हता. मदतीला निघालेले लोक पावसात, अंधारात पायवाटेने चढून गेले. दुसऱ्या दिवशी जो तो एकच विचारत होता, वाडीत घरं किती, त्या रात्री घरात कोण कोण होतं, आश्रमशाळेत मुलं किती, मुक्कामाला बाहेर कोण गेलेलं. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्या संध्याकाळी, कामाची खोड म्हणा, मी आमच्या वाडीतल्या माणसांची मनातल्या मनात गणती केली. प्रत्येक घर डोळ्यांसमोर आणून, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं धरून, सत्तेचाळीस. मांगर धरला नव्हता. जुलै होता, तो रिकामाच होता. पण मी त्या कारणाने त्याला वगळलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मलावीतला तो चौकोन मी पुन्हा उघडला. पुसलेलं गोल छप्पर परत काढलं, ओ दाबला, 'इमारत: हो' ठेवलं. आणि त्या टोपणनावाला लिहिलं की मला कळलं नव्हतं, अंदाज होता, तुम्हाला तिथलं काही माहीत असेल तर सांगा. त्यालाही उत्तर आलं नाही. त्या खात्याने तेवढाच एक चौकोन भरला होता आणि त्यानंतर काही काढलंच नव्हतं. माझ्या त्या ठरलेल्या मजकुराने एक माणूस कामातून उठवला की त्याची परीक्षा जवळ आली, कोण जाणे.

कार्तिकात बागेत माणसं आली. पंधरा सालचा बहादूर आता येत नाही, त्याचे गुडघे गेले. हल्ली त्याचा पुतण्या येतो. ह्या वर्षी त्याने बायकोला आणि तीन-चार वर्षांच्या मुलीलाही आणलं आहे. एका सकाळी मी लॅपटॉप पिशवीत घालून वर गेले. दव होतं, कातळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि मांगराच्या पत्र्यातून चुलीचा धूर झिरपून निघत होता. बाहेर दोरीवर एक लहान फ्रॉक. खताच्या गोणी एका कडेला रचून मधे त्यांनी जागा केली होती, तिथे शेणाने सारवलं होतं, इतकं नीट की मी चपला बाहेर काढल्या. आमच्याच मांगरात शिरताना मी चपला काढाव्यात हे त्या मुलीला विचित्र वाटलं असावं, ती बघतच राहिली. सड्याची रेंज तिथे छान येते. मी आधी त्याला अछाम दाखवलं. काकासारखा तो अडला नाही, हल्लीच्या पोरांना वरून बघायची सवय आहे. त्याने दोन बोटांनी पडदा मोठा करायचा प्रयत्न केला, तो झाला नाही म्हणून हसला, आणि मग सरळ नदी धरून वर गेला. मी माझं छप्पर दाखवलं, दहा वर्षं जपलेलं. म्हटलं, हे तुझ्या काकाचं घर ना?

'नहीं दीदी. ये तो गोठ है. भैंस का.'

गोठ. मला भाषांतरही लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं, घर म्हणून नोंदवलेलं, येता-जाता पाहून आलेलं ते छप्पर म्हणजे कुणाच्या तरी म्हशींचा गोठा. तो वाकून आणखी एक वळण वर गेला आणि निळसर पत्र्यावर बोट ठेवलं, 'हमारा ये है.' तिथे आधीच कुणीतरी नीट चौकोन काढलेला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात शेजारच्या डोटी जिल्ह्यात भूकंप झाला होता, त्यानंतर कुणी काढला असेल, किंवा असाच कुणी काढला असेल. नोंद पाहिली, 'इमारत: हो'. तो म्हणाला, 'किसने बनाया?' म्हटलं, माहीत नाही, असंच कुणीतरी. त्याला ते पुरेसं वाटलं. बायकोला बोलावून त्याने ते दाखवलं, तिने मुलीला दाखवलं, मुलीने म्हशीचा गोठा पुन्हा दाखवायला लावला.

मग मी आमची वरची बाग उघडली. पत्र्याचा चमकता चौकोन समोर आला तसा तो एकदम ओरडला, 'अरे, ये तो हम हैं!' मी चार कोपरे टिचकवले, क्यू दाबला, चौकोन बसला. आता खाली लिहायचं होतं काय आहे ते. शेड, गोदाम, घर, नाहीतर नुसतं हो. मी त्याला विचारलं, घर लिहू? तो बायकोकडे बघून हसला, काही बोलला नाही. ती चुलीपाशी भाकरी परतत होती. तिने आमच्याकडे न बघता विचारलं,

'बारिश में तो हम इधर नहीं रहते, दीदी. तब मिटा देंगी क्या?'